पडद्यावरचा टोर्नॅडो: किती खरा, किती रचलेला?

एका पंपघरातल्या, जमिनीत खोल रुतवलेल्या लोखंडी नळांना दोन माणसे चामडी पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेतात. पंपघर त्यांच्या डोळ्यांदेखत उडून जाते, वादळ थेट माथ्यावरून सरकू लागते आणि ती दोघे वर पाहतात, तर फिरत्या ढगांच्या भिंती असलेली एक प्रचंड पोकळ नळी सरळ आकाशात गेलेली दिसते. १९९६ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'ट्विस्टर' या चित्रपटाचा हा कळसाध्याय आहे. यान द बॉन्त यांचे दिग्दर्शन, हेलन हंट आणि बिल पॅक्स्टन यांच्या भूमिका, मायकेल क्रायटन आणि अ‍ॅन-मरी मार्टिन यांची पटकथा. उपग्रह वाहिन्यांवर इंग्रजी चित्रपट पाहत वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीलाही 'टोर्नॅडो' म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो हाच चित्रपट.

या एका दृश्यात विज्ञान आणि थाप यांची जी सरमिसळ आहे, ती या प्रकारच्या बहुतेक चित्रपटांत आढळते. वादळाच्या पोटातून वर पाहण्याची कल्पना प्रेक्षकाला निव्वळ कल्पनाविलास वाटते. पण तिला आधार आहे. २२ जून १९२८ रोजी कॅन्सस राज्यातील ग्रीन्सबर्गजवळ विल केलर नावाच्या शेतकऱ्याने आपल्या तळघराच्या दारातून डोक्यावरून जाणाऱ्या टोर्नॅडोचे अंतरंग पाहिले आणि त्याचे वर्णन पुढे अमेरिकेच्या हवामानविषयक नियतकालिकात छापले गेले. मधोमध गोल पोकळी, तिच्याभोवती गरगरणाऱ्या ढगांच्या भिंती आणि सतत चमकणाऱ्या विजांमुळे उजळलेला तो सारा प्रकार त्याने सांगितला होता. अशक्य आहे ती दुसरी गोष्ट, म्हणजे चामडी पट्ट्यांच्या भरवशावर जिवंत राहणे. ताशी तीन-चारशे किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात माणसाला ठार करतो तो नुसता वारा नव्हे. त्या वाऱ्याबरोबर येणारे पत्रे, फळ्या, विटा, काचा आणि वाळू हे खरे मारेकरी असतात. नळाला बांधलेला माणूस उडून जाणार नाही हे क्षणभर मान्य केले, तरी त्या माऱ्यातून तो वाचणार नाही.

आधी शब्दाचा घोळ

टोर्नॅडोला मराठीत काय म्हणावे, हा वृत्तपत्राच्या टेबलावरचा जुना प्रश्न आहे. परदेशी वृत्तसंस्थेची बातमी हाती येते आणि घाईत 'अमेरिकेत चक्रीवादळाचे थैमान' असा मथळा पडतो. चक्रीवादळ म्हणजे २०२१ च्या मे महिन्यात गोव्याच्या किनाऱ्याला झोडपून गेलेले 'तौक्ते'. त्याचा व्याप शेकडो किलोमीटरचा, आयुष्य अनेक दिवसांचे, जन्म उबदार समुद्रावर. टोर्नॅडोचा व्याप बहुधा काही मीटर ते काही शे मीटर, आयुष्य पुष्कळदा दहा मिनिटांहून कमी आणि जन्म गडगडाटी मेघाच्या पोटी. चैत्र-वैशाखात मोकळ्या माळावर धूळ आणि पाचोळा घेऊन फिरते ती वावटळ आणखी वेगळी. ती तापलेल्या जमिनीवरून वर चढते, तिला ढगाची गरज नसते. टोर्नॅडोच्या भोवऱ्याचे एक टोक जमिनीला आणि दुसरे ढगाला जोडलेले असावे लागते. पारिभाषिक मराठीत 'घूर्णवाती वादळ' असा शब्दप्रयोग आढळतो. तो अचूक आहे, पण मथळ्यात मावत नाही आणि वाचकाच्या जिभेवर बसलेला नाही. म्हणून या लेखात 'टोर्नॅडो' हाच शब्द वापरला आहे. उपशीर्षकांत आणि भाषांतरित संवादांत हा घोळ झाला की पुढचे सारे विज्ञान कोसळते, कारण प्रेक्षक समुद्राची वाट पाहत बसतो आणि पडद्यावर मैलोगणती गव्हाची शेते दिसतात.

सर्वांत विध्वंसक टोर्नॅडो ज्या मेघांतून उतरतात, त्यांना सुपरसेल म्हणतात. खाली दमट, उबदार हवा, वर कोरडी आणि थंड हवा, आणि उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा बदलत जाणे, या तीन गोष्टी जुळल्या की वर चढणारा हवेचा स्तंभच स्वतःभोवती फिरू लागतो. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा आणि रॉकी पर्वतांकडून येणारी कोरडी हवा यांची गाठ अमेरिकेच्या मधल्या मैदानांत पडते, म्हणून ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास ही नावे या चित्रपटांत पुनःपुन्हा येतात. मात्र फिरणारा मेघ म्हणजे टोर्नॅडो नव्हे. अशा मेघांपैकी थोडेच प्रत्यक्ष टोर्नॅडो जन्माला घालतात. दोन मेघ अगदी सारखे दिसत असताना एकातूनच भोवरा का उतरतो, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. पडद्यावर मात्र काळा ढग दिसला की सोंड उतरलीच पाहिजे.

मलमलीच्या नळीपासून संगणकापर्यंत

चित्रपटातील पहिला लक्षात राहिलेला टोर्नॅडो १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधला. तो कापडाचा होता. विशेष दृश्यांचे काम पाहणाऱ्या अर्नोल्ड गिलेस्पी यांनी सुमारे ३५ फूट लांबीची मलमलीची निमुळती नळी वरून टांगली, ती फिरती ठेवली, तिच्या पायथ्याशी मातीची बारीक भुकटी उडवली, आणि ऐंशीहून अधिक वर्षे उलटून गेली तरी ते दृश्य पाहताना अंगावर काटा येतो. त्या सोंडेची डौलदार वक्रता, तिचे वरचे टोक एकीकडे तर खालचे दुसरीकडे असणे, हे सारे निसर्गाशी चांगलेच जुळते. नंतरच्या कित्येक संगणकीय टोर्नॅडोंपेक्षा ही कापडी नळी अधिक खरी वाटते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; त्यावर वाद होऊ शकतो.

'ट्विस्टर'साठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने संगणकात असंख्य कण फिरवून भोवरा उभा केला. त्या काळी ही मोठी झेप होती आणि ऑस्करच्या विशेष दृश्यांच्या गटात चित्रपटाला नामांकनही मिळाले. या पद्धतीचा एक परिणाम असा झाला की टोर्नॅडो म्हणजे धूळ आणि कचऱ्याची सोंड, ही समजूत पक्की झाली. वास्तविक, दिसणारी सोंड ही बव्हंशी पाण्याच्या सूक्ष्म थेंबांची असते. भोवऱ्याच्या मध्यभागी दाब उतरतो, हवा प्रसरण पावून थंड होते, तिच्यातील बाष्प सांद्र होते आणि ढगच खाली ओघळल्यासारखा दिसतो. हवा कोरडी असेल तर सोंड अर्ध्यावरच संपलेली दिसते आणि जमिनीवर नुसती धूळ गरगरते. 'अजून टेकलेला नाही' असे समजून थांबलेली माणसे अशा वेळी फसतात. उलट, पुष्कळ धोकादायक टोर्नॅडो पावसाच्या पडद्याआड पूर्णपणे दडलेले असतात. चित्रपटाला हे परवडत नाही. त्याला राक्षस दिसावाच लागतो.

आवाजाचेही तसेच. 'ट्विस्टर'मधला टोर्नॅडो श्वापदासारखा गुरगुरतो. प्रत्यक्षदर्शी बहुधा मालगाडीच्या अखंड धडधडीची उपमा देतात. हिरवट आकाशाची खूणही चित्रपटांनी फार वापरली आहे. तसा रंग गारांनी भरलेल्या खोल ढगांतून, विशेषतः संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, दिसू शकतो, पण त्यावरून टोर्नॅडो येणारच असे अनुमान निघत नाही.

डोरोथीची खरी बहीण

'ट्विस्टर'ची कथा ज्या यंत्राभोवती फिरते ते 'डोरोथी' म्हणजे संवेदकांच्या शेकडो लहान गोळ्यांनी भरलेले पिंप. ते टोर्नॅडोच्या वाटेत ठेवायचे, वादळाने गोळे वर ओढून घ्यायचे आणि आतली मोजमापे बाहेर पाठवायची. हे कपोलकल्पित वाटते, परंतु त्याचे मूळ खरे आहे. अमेरिकेच्या सागर व वातावरण प्रशासनातील अल बेडार्ड आणि कार्ल रॅम्झी यांनी 'टोटो' नावाचे उपकरण तयार केले होते. नाव अर्थातच ऑझच्या कथेतील डोरोथीच्या कुत्र्यावरून घेतलेले. पिंपाच्या आकाराचे, शंभर किलोहून बरेच जड असे हे यंत्र ट्रकमधून उतरवून वादळाच्या मार्गात ठेवायचे, अशी योजना होती. ओक्लाहोमा विद्यापीठाचे हॉवर्ड ब्लूस्टाइन आणि राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेचे संशोधक यांनी ऐंशीच्या दशकात अनेक हंगाम ते घेऊन पाठलाग केला. यश जवळजवळ आलेच नाही. १९८४ साली आर्डमोरजवळ एका दुबळ्या टोर्नॅडोची कड त्याला लागली आणि टोटो आडवे झाले. त्याचा गुरुत्वमध्य उंच होता, एवढ्या साध्या कारणाने. पुढे ते निवृत्त करण्यात आले.

चित्रपटातही डोरोथी उलटते आणि नायक-नायिका शीतपेयाच्या डब्यांचे पत्रे कापून गोळ्यांना पंख लावतात, मग यंत्र यशस्वी होते. प्रत्यक्षात टोटोची उणीव भरून काढणारी कल्पना नेमकी उलटी निघाली. उंच पिंपाऐवजी जमिनीला चिकटून बसणारे, बसक्या शंकूसारखे, कासवाच्या पाठीसारखे उपकरण. अभियंता टिम समॅरस यांनी असे उपकरण २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातील मँचेस्टर या वस्तीजवळ टोर्नॅडोच्या वाटेत ठेवले आणि ते पळाले. वादळ त्यावरून गेले. उपकरणाने १०० मिलिबारची दाबघट नोंदवली. पणजीच्या किनाऱ्यावरून आंबोलीच्याही वर, सुमारे ९०० मीटर उंचीवर एका मिनिटाच्या आत उचलून नेले, तर दाबात जेवढा फरक पडेल तेवढा. मँचेस्टरची ती वस्ती त्या दिवशी उद्ध्वस्त झाली.

या हकिगतीचा पुढचा भाग कोणत्याही पटकथाकाराने लिहिलेला नाही. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळ उतरलेल्या टोर्नॅडोने समॅरस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा बळी घेतला. समॅरस हे या क्षेत्रातले अत्यंत सावध संशोधक म्हणून ओळखले जात. पण तो टोर्नॅडो पाहता पाहता ४.२ किलोमीटर रुंद झाला, नोंदींतला सर्वांत रुंद, आणि त्याने दिशा व वेग दोन्ही अचानक बदलले. चित्रपटांत पाठलाग करणारे मोकळ्या शेतातून, कुंपणे तोडत, घरांतून आरपार गाडी नेत सुटतात. शिक्षा होते ती खलनायकाला, कारण तो पैशासाठी आला असतो. एल रेनोला हेतूशी काही देणेघेणे नव्हते.

तेव्हापासून खरी प्रगती झाली ती दुरून पाहण्याच्या तंत्रात. ट्रकवर बसवलेले डॉप्लर रडार वादळाजवळ नेऊन त्याच्या आतील वाऱ्याचा वेग मोजता येतो. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातील ब्रिज क्रीक-मूर टोर्नॅडोत जोशुआ वर्मन यांच्या चमूने अशाच फिरत्या रडारने ताशी सुमारे ४८४ किलोमीटर वेग नोंदवला. 'ट्विस्टर'मध्ये नायिका सांगते की इशाऱ्याचा अवधी तीन मिनिटांवरून पंधरा मिनिटांवर नेता येईल. हे ध्येय खोटे नव्हते, मात्र ते साधण्यात मोठा वाटा वादळाच्या पोटात सोडलेल्या गोळ्यांचा नव्हता. देशभर बसवलेल्या डॉप्लर रडारांच्या जाळ्याने ते काम त्याच दशकात केले. त्या जाळ्याची उभारणी चित्रपट पडद्यावर आला तेव्हा जवळपास पूर्णही झाली होती.

'एफ-५ येतोय!'

टोर्नॅडो समोर फिरत असताना कुणीतरी त्याची प्रत ओरडून जाहीर करतो, हे या चित्रपटांचे ठरलेले वाक्य. जाणकार इथे हमखास हसतात. शिकागो विद्यापीठाचे तेत्सुया फुजिता यांनी १९७१ साली मांडलेली श्रेणी, आणि २००७ पासून अमेरिकेत वापरात असलेली तिची सुधारित आवृत्ती, ही दोन्ही वादळाचे वय, रुंदी वा रूप मोजत नाहीत. वादळ गेल्यानंतर तज्ज्ञ पडझडीची पाहणी करतात: छप्पर गेले की भिंती गेल्या, घर पायाला नीट खिळवलेले होते का, झाडांची साल निघाली का. त्यावरून वाऱ्याचा अंदाज बांधला जातो आणि मग ० ते ५ पैकी एक अंक दिला जातो. म्हणजे प्रत ही नुकसानीचा निष्कर्ष असते, पूर्वसूचना नव्हे.

एल रेनोचेच उदाहरण बोलके आहे. फिरत्या रडारने तिथे वाऱ्याचा वेग सर्वोच्च श्रेणीत सहज बसेल इतका मोजला होता. परंतु ते वारे बहुतांश मोकळ्या रानावरून गेले, पाडायला पुरेशी बांधकामे नव्हती. आधी सर्वोच्च श्रेणी दिली गेली आणि नंतर नियमानुसार ती तिसऱ्या श्रेणीवर आणली गेली. नोंदींतला सर्वांत रुंद टोर्नॅडो कागदोपत्री मध्यम ठरला. अशा गुंत्यात प्रेक्षकाला कोण अडकवणार? म्हणून पडद्यावर अंक चढत जातात, आधी दुसरा, मग चौथा, शेवटी पाचवा, एखाद्या कुस्तीच्या फडासारखे. प्रत्यक्षात अमेरिकेत दरवर्षी सरासरी १,२०० च्या आसपास टोर्नॅडो होतात आणि त्यांपैकी चौथ्या-पाचव्या श्रेणीचे एक टक्काही नसतात. पाठलाग करणाऱ्या मंडळींचा बहुतेक वेळ पेट्रोलपंपांवर नकाशे पाहण्यात आणि स्वच्छ आकाशाखाली वाट पाहण्यात जातो.

पुलाखाली जाऊ नका

इथवरच्या चुका करमणुकीच्या खात्यात टाकता येतात. एक चूक मात्र माणसांच्या जिवावर बेतलेली आहे आणि तिची सुरुवात चित्रपटगृहात नव्हे, बातम्यांत झाली. २६ एप्रिल १९९१ रोजी कॅन्ससमधील महामार्गावर एका दूरचित्रवाणी चमूने उड्डाणपुलाखाली आसरा घेतला आणि कॅमेरा चालू ठेवला. वादळ गेले, सगळे सुखरूप बाहेर आले. ती चित्रफीत जगभर दाखवली गेली आणि लोकांनी धडा घेतला की टोर्नॅडो आला की पुलाखाली शिरावे. वास्तविक तो टोर्नॅडो दुबळा होता, पुलावरून थेट गेलेला नव्हता, आणि त्या पुलाची रचनाही निराळी होती. वर तुळयांच्या सांध्यात माणूस शिरून धरून बसू शकेल अशी जागा तिथे होती.

३ मे १९९९ च्या त्या दिवशी ओक्लाहोमात अनेकांनी तो धडा आठवला. तीन वेगवेगळ्या पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी प्रत्येक ठिकाणी एक, असे तीन जण मरण पावले आणि इतर अनेक जबर जखमी झाले. कारण साधे आहे. पुलाखालची अरुंद वाट वाऱ्याला चिंचोळी खिंड करून देते, त्यामुळे त्याचा वेग वाढतो. उतारावर चढून बसलेला माणूस जमिनीलगतच्या मंद वाऱ्यातून वर, जास्त वेगाच्या वाऱ्यात येतो. उडणारा कचरा त्याच बोळात कोंबला जातो. शिवाय पुलाखाली थांबलेल्या गाड्यांनी रस्ता अडतो आणि मागचे लोक उघड्यावर अडकतात.

हे सर्व जाहीरपणे सांगितले गेल्यानंतर चौदा वर्षांनी, २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅनचे पालक वडील महामार्गावरच्या लोकांना पुलाखाली जायला सांगतात, ते वाचतात, आणि वडील स्वतः उघड्यावर मरतात. दृश्य हृदयद्रावक आहे. पण त्याने नेमका तोच धडा पुन्हा शिकवला, आणि असा चित्रपट हवामान खात्याच्या पत्रकापेक्षा कितीतरी अधिक लोक पाहतात. 'ट्विस्टर'मध्येही सुरुवातीला नायक-नायिका एका लहान पुलाखाली दडून वाचतात. या पार्श्वभूमीवर २०२४ च्या 'ट्विस्टर्स'ने, दिग्दर्शक ली आयझॅक चुंग, केलेली दुरुस्ती नोंद घेण्याजोगी आहे. त्याच्या आरंभीच्या प्रसंगात विद्यार्थ्यांचा चमू उड्डाणपुलाखाली धावतो आणि वारा त्यातल्यांना एकामागून एक ओढून नेतो. विज्ञानदृष्ट्या हा त्या चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग होय.

घराच्या बाबतीत अशीच एक जुनी समजूत होती. आतला आणि बाहेरचा दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात, नाहीतर घर फुग्यासारखे फुटते, असे लोकांना सांगितले जाई. घरे दाबामुळे फुटत नाहीत. वारा खिडकी वा दार फोडून आत घुसतो, छताला आतून ढकलतो, वरून वाहणारा वारा त्याला ओढतो आणि छप्पर गेले की भिंतींचा आधार जातो. खिडक्या उघडायला जाण्यात गेलेली मिनिटे तळघर किंवा घराच्या मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत जाण्यासाठी वापरायची असतात. हे आपल्याला कशाला, असे कुणी म्हणेल. पण आज डॅलससारख्या शहरात स्थिरावलेली मराठी घरे थोडी नाहीत, आणि २० ऑक्टोबर २०१९ च्या रात्री उत्तर डॅलसमधून तिसऱ्या श्रेणीचा टोर्नॅडो गेला होता. भोंगा वाजल्यावर बाल्कनीत जाऊन मोबाइलवर चित्रण करणारा माणूस आपल्या नात्यातलाही असू शकतो.

वादळ विझवता येते का?

'ट्विस्टर्स'ची नायिका टोर्नॅडो मोजून थांबत नाही, तो शमवू पाहते. लहान मुलांच्या डायपरमध्ये असते ते पाणी शोषणारे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट वादळात सोडायचे, जोडीला सिल्व्हर आयोडाइड वापरून पाऊस पाडायचा आणि भोवऱ्याची शक्ती काढून घ्यायची. यातले प्रत्येक रसायन खरे आहे. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट पाणी धरते. सिल्व्हर आयोडाइडने ढगातील अतिशीत थेंबांचे बर्फकण होतात हे १९४० च्या दशकातच दाखवले गेले. गणित मात्र जुळत नाही. सुपरसेल हा दहा-पंधरा किलोमीटर उंचीचा, सतत नवे बाष्प आत ओढणारा मेघ असतो. काही पिंपे भुकटीने त्यातले पाणी शोषणे म्हणजे मांडवी टिपकागदाने कोरडी करणे.

चक्रीवादळांवर असा प्रयत्न झालाही होता. अमेरिकेने १९६२ ते १९८३ या काळात 'स्टॉर्मफ्युरी' प्रकल्पात सिल्व्हर आयोडाइड फवारून पाहिले आणि अखेर परिणाम सिद्ध न झाल्याने तो सोडून दिला. कृत्रिम पावसाची चर्चा आपल्याला मराठवाड्यातील दुष्काळामुळे परिचित आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सोलापूर परिसरात काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत, योग्य ढग निवडून बीजारोपण केल्यावर पर्जन्यात सुमारे १८ टक्के वाढ आढळली. विमाने, रडार आणि अनुकूल ढग हाताशी असताना हाती येणारे फळ एवढे. त्याच रसायनाने काही मिनिटांत पाचव्या श्रेणीचा भोवरा विरघळवणे ही पटकथेची सोय आहे.

बाकीच्या चित्रपटांबद्दल थोडक्यात. 'द डे आफ्टर टुमारो'त लॉस एंजेलिसवर एकाच वेळी अनेक टोर्नॅडो उतरतात. ती अतिशयोक्ती आहे, पण त्या शहरात टोर्नॅडो होतच नाही असे नाही. १ मार्च १९८३ रोजी तिथल्या अधिवेशन केंद्राचे छप्पर एका टोर्नॅडोने उडवले होते. २०१४ च्या 'इन्टू द स्टॉर्म'मध्ये विमानतळावरची मोठमोठी विमाने पानांसारखी उडतात आणि एक टोर्नॅडो पेट घेतो. पेटलेला टोर्नॅडो चित्रपटात दाखवलेल्या रीतीने होत नाही, तरी आगीतून भोवरा निर्माण होतो हे खरे. २६ जुलै २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील रेडिंग येथे वणव्यातून उठलेल्या अग्निभोवऱ्यातील वारे ताशी २३० किलोमीटरच्या घरात पोहोचले होते. 'शार्कनेडो'ला विज्ञानाचे निकष लावू नयेत, हे त्या निर्मात्यांनाही मान्य असावे.

पडद्याबाहेरची एक दंतकथाही सांगितली पाहिजे. 'ट्विस्टर'मध्ये उघड्यावरच्या ड्राइव्ह-इन चित्रपटगृहावर टोर्नॅडो येतो. चित्रपट प्रदर्शित होऊन दहा दिवस झाले असताना, २० मे १९९६ रोजी, कॅनडातील थोरोल्ड येथील अशाच एका ड्राइव्ह-इनचा पडदा खरोखर वादळात पडला. त्या रात्री तिथे 'ट्विस्टर'च दाखवायचा होता. नेमके ते दृश्य चालू असताना पडदा कोसळला असे सांगणारे लोक पुढे पुष्कळ भेटू लागले. खेळ सुरू होण्याआधीच पडदा गेला होता.

जो टोर्नॅडो कुणी चित्रित केला नाही

या सगळ्या चित्रपटांत एक गोष्ट एकसारखी आहे: टोर्नॅडो ही अमेरिकेची मालमत्ता. संख्येने ते खरे आहे, मृत्यूंच्या हिशेबाने नाही. नोंदींतला सर्वाधिक बळी घेणारा टोर्नॅडो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात, दौलतपूर-साटुरिया भागात उतरला. सुमारे १,३०० माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेतील सर्वांत भीषण, १८ मार्च १९२५ च्या तीन राज्यांतून गेलेल्या टोर्नॅडोने ६९५ बळी घेतले होते. बंगालच्या उपसागराची दमट हवा आणि वायव्येकडून येणारी कोरडी हवा यांची वसंतात तिथे गाठ पडते, 'कालबैसाखी'ची वादळे उठतात आणि त्यांतल्या काहींतून भोवरे उतरतात. ओक्लाहोमाचेच भौतिकशास्त्र, फरक घरांचा. कुडाच्या भिंती, पत्र्याची छपरे, दाट वस्ती, ना तळघर ना भोंगा. उडणारा पत्रा हेच तिथले मुख्य शस्त्र ठरते.

भारतातही हे अपरिचित नाही. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत विद्यापीठ परिसरातून टोर्नॅडो गेला आणि २८ जणांचा मृत्यू झाला. पश्चिम किनाऱ्यावर परिस्थिती वेगळी आहे. आपल्याकडच्या वळिवाच्या मेघांना वाऱ्यांचा तो पीळ सहसा मिळत नाही, त्यामुळे माड आडवे करणारी वादळी झड येते ती बहुधा ढगातून सरळ खाली कोसळणाऱ्या वाऱ्याची असते. पडझडीची दिशा पाहून हे ओळखता येते. झाडे एकाच बाजूला वा मध्यातून बाहेर पसरल्यासारखी पडली असतील तर तो खाली कोसळलेला वारा. गुंतागुंतीने, एकमेकांकडे वळून पडली असतील तर भोवऱ्याचा संशय घ्यावा. ही पद्धतही फुजितांचीच. विमानातून पडलेल्या झाडांची छायाचित्रे घेऊन त्यांनी ती बसवली. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील हवामान केंद्राचे डॉप्लर रडार अशा मेघांतील वाऱ्यांची हालचाल टिपते.

संशोधनाची सध्याची धडपड मात्र पडद्याला साजेशी आहे, फक्त तिच्यात कुणी धावत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ली ऑर्फ आणि सहकाऱ्यांनी 'ब्लू वॉटर्स' या महासंगणकावर २४ मे २०११ च्या ओक्लाहोमातील एका सुपरसेलची प्रतिकृती उभी केली. संपूर्ण मेघ ३० मीटरच्या चौकटींत विभागला, अशा १८० कोटींहून अधिक चौकटी झाल्या, आणि संगणक तीन दिवसांहून अधिक काळ चालत राहिला. त्यातून तयार झालेल्या चलचित्रात जमिनीलगत सरपटणारा फिरत्या हवेचा एक प्रवाह मेघाखाली शिरताना आणि वर वळताना दिसतो. टोर्नॅडोला पीळ कुठून मिळतो याचा एक धागा तिथे सापडला. ही चित्रफीत संकेतस्थळांवर पाहता येते. तिच्यात नायक नाही, उडणारी गायही नाही, आणि भोवरा उतरण्यापूर्वीचा बराच वेळ काहीच घडत नाही.